परभणीची गाडी वर्कशॉपला हाय

दाजी गेले ते दुपारी, जेवण करून, हात धुऊन, अंगणातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या. अक्का आतून बडीशेप घेऊन आली तर त्यांची मान एका बाजूला कललेली. तिला वाटलं, डोळा लागलाय. तिनं वाटी स्टुलावर ठेवली आणि भांडी घासायला गेली. भांडी घासून आली तरी वाटी तशीच... मग तिनं हाक मारली. हे सगळं मला त्यांच्या शेजारच्या नसीमभाभींनी फोनवर सांगितलं. मी तेव्हा परभणीला माझ्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड उलटत होते, आणि खरं सांगते, मला आधी रागच आला. असा कसा माणूस न सांगता सुटतो? ज्यानं जन्मभर नीट पुकारल्याशिवाय एका ड्रायव्हरला गाडी हलवू दिली नाही, त्यानं स्वतः निघताना चकार शब्द काढू नये? भेटायला येणारे म्हणत होते, "सोन्यासारखं मरण आलं, कुणाला काही त्रास नाही." असेल बाई. मला मात्र त्यांनी आणखी दहा वर्षं त्रास दिला असता तरी चाललं असतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मिस्टर, उत्तमराव. मानवतच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्यांची आवकजावक बघायची आणि माइकवरून पुकारायचं, हे त्यांचं काम. अंगानं बारीक, पण आवाज असा की माइक बंद पडला तरी कुणाची गाडी चुकायची नाही. लग्नात त्यांनी मंगलाष्टकांऐवजी... आमच्यात मंगलाष्टकं नसतातच म्हणा, बुद्धवंदना असते... तर वंदनेनंतर पाहुण्यांना जेवायला बोलवायचं कामही नवरदेवानंच केलं होतं, "पहिली पंगत लागत आहे" म्हणून. मी तेव्हा शाळेत शिकत होते आणि त्यांचं एक वाक्य सगळ्यांदेखत दुरुस्त केलं. तेव्हापासून त्यांनी मला मास्तरीणबाई म्हणायला सुरुवात केली. मी पुढं खरोखरच गणिताची शिक्षिका झाले, याचं श्रेयही ते स्वतःकडे घ्यायचे. मेहुणी-दाजींची आमची थट्टा जन्मभर चालली. मी तोंडानं फटकळ, ते तोंडानं गोड. अक्का म्हणायची, "तुमी दोघं बोलायला बसले की माझी भाकरी करपती."

करोनानं सगळं बंद झालं त्याच्या जरा आधीच्या हिवाळ्यात आमचे हे गेले. मी शाळेतून घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी नेहमीसारखी "आले हो" म्हणून आत पाऊल टाकलं, आणि हे पलंगाशी खाली पडलेले... त्यापुढचं लिहीत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. नातेवाईक पांगले, आणि शाळा सुटली की मी रोज दारापर्यंत यायची आणि तिथंच उभी राहायची. कुलूप काढायला हातच उचलायचा नाही. शेजारीण दिसली की तिच्याकडे काहीतरी काम काढून बसायचं, अंधार पडेपर्यंत. अक्काला कुणीतरी हे सांगितलं असणार. ती आली, माझी बॅग भरली, म्हणाली, "आठ दिस चल माझ्याकडं." त्या आठ दिवसांतच गाड्या थांबल्या, शाळा बंद झाल्या, आणि मी मानवतला अडकले. दाजींना दम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी त्यांना फोनवर बजावलं, फाटकाबाहेर पाय ठेवायचा नाही, बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही. त्यामुळं बाकी गाव थोडं तरी हलत होतं तेव्हाही आमच्या घराचं फाटक बंदच. नसीमभाभी भाजीची पिशवी फाटकाला अडकवायच्या आणि लांब होऊन हाक मारायच्या.

मी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. अक्का ताट आणायची, ताट परत न्यायची. मला मरायचं होतं असं मी म्हणणार नाही, पण उठायचं कशासाठी हे काही केल्या कळत नव्हतं. आणि मनात एकच धास्ती, की हे बंद कधीतरी संपेल, मग मला त्या दाराशी परत जावं लागेल. लोक केव्हा सुटका होते म्हणून तळमळत होते आणि मी देवाधर्माचं काही न मानणारी बाई, मनातल्या मनात म्हणायची, हे असंच बंद राहू दे. फोनवर मैत्रिणी सांगायच्या, "मन रमव, योगासनं कर, चांगला विचार कर." मला संताप यायचा. मी फोन उशीखाली घालून ठेवायची.

दाजींचंही काही बरं चाललं नव्हतं. ते नुकतेच रिटायर झाले होते, पण रोज संध्याकाळी स्टँडवर चक्कर ठरलेली. घर स्टँडच्या मागच्याच बाजूला. एरवी हॉर्न, कंडक्टरच्या घंट्या, भजेवाल्याच्या हाका यांनी ते घर कधी गप्प नसायचं. आता दुपारी चिमणी बोललेली ऐकू यायची. पहिले काही दिवस ते नुसते अंगणातून घरात आणि घरातून अंगणात करत राहिले. जेवायला बसले की दोन घासांत उठायचे. "भूकच लागंना," म्हणायचे. आणि मग एका सकाळी मला अंथरुणात तो आवाज ऐकू आला... "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सोनपेठला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे!" मी दचकून उठून बसले. दाजींनी रॉकेल ओतायचं जुनं नरसाळं धुऊन घेतलं होतं आणि ते तोंडाला लावून ते अंगणात उभे होते.

"अवो, येड लागलं का काय तुमाला?" अक्का स्वयंपाकघरातून ओरडली. "लोक काय म्हणतील?"

"लोक घरात हायत. म्हणू दे," दाजी म्हणाले. "सोनपेठ लागली की मी झाडू मारायला सांगायचो स्टँडवर. इतकी वर्षं तेच केलं. मला घड्याळ बघून काय बी सुचत न्हाई बघ, गाडी बघून सुचतंय." आणि त्यांनी खरोखर खराटा घेतला आणि अंगण झाडायला लागले.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात घड्याळाला कुणी विचारेना. सोनपेठ गाडीला झाडलोट. पाथरी लागली की चहा. सेलूला आंघोळी आणि वंदना. गंगाखेडची लागली की अक्कानं डाळ शिजत घालायची. दुपारी माजलगाव येऊन गेली की आडवं व्हायचं. मग झाडांना पाणी, मग धान्य निवडणं, आणि सगळ्यात शेवटी मुक्कामी गाडी, म्हणजे जी रात्री गावात येऊन थांबते ती. ती आली की जेवून दार लावायचं. अधूनमधून एखादी जादा गाडीही सोडायचे, म्हणजे समजायचं की दाजींना शेंगदाणे खायची इच्छा झालीय. दाजींची भूक परत आली. अक्काही नाकं मुरडत मुरडत त्या वेळापत्रकात शिरली. "अगं बाई, गंगाखेड कवाची लागली, माझी डाळ राहिली," असं ती स्वतःशीच पुटपुटताना मी ऐकलंय. माझ्या खोलीच्या दाराबाहेर मात्र दाजी हळू आवाजात पुकारायचे, नरसाळं न लावता. "मास्तरीणबाई, पाथरी लागलीय. चहा." मी उत्तर द्यायची नाही. थोडं थांबायचे. "बरं, चुकली तुमची गाडी. आता पुढची थेट सेलू." एवढंच. कधी हात धरून उठवलं नाही, कधी दोन शब्द समजुतीचे सांगितले नाहीत. रोज गाडी यायची आणि रोज मला न घेता जायची.

नसीमभाभींच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणायचो, भिंतीपलीकडच्या घरात राहायच्या. त्यांची धाकटी लेक येलदरीला दिलेली. लेकीला बघून त्यांना वर्ष होत आलं होतं, आणि जायची तयारी केली न केली तोच सगळं बंद झालं होतं. एका सकाळी दाजी रंगात आले आणि त्यांनी सगळे थांबे घेऊन पुकारलं, "सेलू, देवगाव फाटा, चारठाणा, जिंतूर मार्गे येलदरीला जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे!" थोड्या वेळानं फाटक जोरजोरात वाजायला लागलं. मी उठून पुढच्या खिडकीतून पाहिलं. अम्मा बुरखा घालून, एका हातात कापडी पिशवी आणि काखेत लोणच्याची बरणी घेऊन उभ्या. मागून नसीमभाभी धावत येताहेत, "अम्मा, अम्मा" करत. पण अम्मांचं लक्ष दाजींकडे.

"भाई, गाडी लगी ना? मेरेकू खिडकी कने की जगा देव."

दाजी नरसाळं हातात घेऊन उभेच. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या पुकारण्यावर माणूस निघाला आणि गाडी नाही, असं कधी झालं नव्हतं. खोटं पुकारलं हे सांगायला त्यांची जीभ उचलेना. त्यांनी गमछा नाकावर ओढला, घसा खाकरला आणि लांबूनच म्हणाले, "अम्मा, गाडी... आजची गाडी रद्द झाली. टायर बसला."

अम्मांनी बरणी दुसऱ्या काखेत घेतली. "रद्द है तो फिर सुबे-सुबे चिल्लाते कायकू?"

आणि मला हसू फुटलं. कसं फुटलं, कुठून फुटलं, कुणास ठाऊक. मी दाराची चौकट धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसण्याचं होतं की आणखी कशाचं, मलाच कळत नव्हतं. अक्का पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. पाथरी गाडी लागायला वेळ होता, पण तिनं चहा टाकला आणि त्या दिवशी मी अंगणात बसून तो प्यायले.

अम्मांना फसवलं ही बोच दाजींना लागून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्यांनी खुर्ची भिंतीजवळ नेली. मधली भिंत छातीइतकी उंच, पलीकडे अम्मांची बाज. "अम्मा, टायर बसवला. येलदरी सोडतो, बसा. खिडकी तुमचीच." आणि मग त्यांनी भिंतीच्या अलीकडून गाडी चालवली. सेलूत कुठल्या दुकानासमोर वळायचं, फाट्याच्या अलीकडं रस्ता कसा खराब आहे, चारठाण्यात कोणाचे पाहुणे उतरतात, सगळं बारीकसारीक. देवगाव फाटा आला की जाहीर करायचे, "गाडी इथं जरा थांबंल, च्यापानी करून घ्या." मग अक्का खरोखर भजी तळायची आणि ताटली भिंतीवर ठेवून मागं सरायची. जिंतूर सोडलं की बोलायचं काम अम्मांचं. धरणाचं पाणी, लेकीच्या दारातली शेळी, जाळ्यातून काढलेली मासळी, लेकीच्या हातचा झणझणीत रस्सा... बोलता बोलता त्या गप्प व्हायच्या, आणि दाजी हलकेच म्हणायचे, "पोचली गाडी. आता लेकीशी बोला, मी गाडी वळवून आणतो." मला त्यांनी कंडक्टर केलं. चमच्यानं ताटावर दोन टोले दिल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत. मग मी गणितवाली बाई गप्प बसते होय? "सेलूपासून फाटा इतक्या लवकर कसा आला हो?" "डायवर जवान हाय, मास्तरीणबाई." रोज एक गाव. एप्रिलातल्या जयंतीला मिरवणूक निघणार नव्हती, तर दाजींनी ती अंगणातच काढली. पुढं ते, मागं आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसून, आणि अम्मा भिंतीपलीकडून टाळ्या वाजवताहेत. ती साडी मी स्वतः बॅगेतून काढून नेसले होते. अक्कानं खीर केली होती, ती ईदेच्या शिरखुर्म्याच्या रूपानं पुढं परत आली.

असे दिवस चालले होते आणि मला बरं वाटायला लागलं होतं. भूक लागायची, झोप यायची. एका दुपारी मी आत कणीक मळत होते. बाहेरून अम्मांचा आवाज आला, "भाई, सब जगा की गाडी छोडते, परभनी की कायकू नै छोडते तुम?" माझे हात थांबले. खरंच की! मानवतच्या स्टँडवरून सगळ्यात जास्त गाड्या सुटतात त्या परभणीला. जन्मभरात दाजींनी दुसरा कुठला शब्द एवढा उच्चारला नसेल. आणि इतक्या दिवसांत एकदाही, चुकूनसुद्धा, त्यांनी परभणी पुकारली नव्हती. सगळ्या गाड्या त्यांनी दुसऱ्या बाजूनं काढल्या होत्या. दाजींनी आत एक नजर टाकली असावी, कारण त्यांचा आवाज खाली आला. "ती गाडी वर्कशॉपला हाय, अम्मा. पार्ट आला न्हाई अजून. घाई करून चालत न्हाई."

ज्या दाराबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते, ते दार या माणसाला माहीत होतं. माहीत असून त्यानं एक शब्द विचारला नव्हता, फक्त रोज त्याला वळसा घालून गाडी नेत होता. मला त्या क्षणी दाजींबद्दल जे वाटलं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. आमचं नातं थट्टेचं, असलं काही बोलायची सोय नव्हती.

पुढं बरेच दिवस गेले. उन्हाळा उतरणीला लागला. जिल्ह्यात गाड्या सुरू होणार अशी कुजबुज सुरू झाली, शाळेतूनही फोन आला की शिक्षकांनी हजर व्हायचंय. त्या दुपारी दाजींनी खुर्ची भिंतीजवळ नेली तेव्हा मी चमचा-ताट घेऊन बसले आणि विचारलं, "दाजी, परभणीची गाडी वर्कशॉपमधून आली का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. थट्टा करतील असं मला वाटलं होतं. "पार्ट आलाय," ते सावकाश म्हणाले, "बसवायलेत. सोडू का?"

मी दोन टोले दिले. मानवत रोड आलं, कोल्हा पाटी गेली, पेडगाव गेलं. एरवी गाडी वाऱ्यासारखी नेणारा माणूस त्या दिवशी बैलगाडीच्या चालीनं चालला होता. परभणी स्टँड आलं. तिथून रिक्षा माझ्या गल्लीत आली. "आता तुमी सांगा," दाजी म्हणाले, "मला तुमचं घर उतरल्यावर नीट ठाऊक न्हाई." मी म्हटलं, फाटक आहे. फाटकाची कडी घट्ट आहे. तीन पायऱ्या आहेत. दार आहे... आणि मग मला पुढं जाता येईना. मी ताट मांडीवर ठेवून रडले. सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी, यांच्या मागं पहिल्यांदाच अशी. अक्का उठायला लागली तर दाजींनी तिला हातानं बसवलं. "गाडी थांबलेली हाय," ते म्हणाले. "उतरायची घाई न्हाई कुणाला." त्या दिवशी मी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही परत परभणी सोडली, तिसऱ्या दिवशीही. मग एकदा उघडलं. आत काय काय असेल ते एकेक सांगितलं, यांच्या चपला, अर्धवट राहिलेला औषधाचा पट्टा, खुंटीवरचा शर्ट. चपलांचं काय करायचं यावर अक्का आणि अम्मा यांच्यात चर्चाही झाली.

खरी गाडी सुरू झाली तेव्हा मी निघाले. दाजींना फाटकाबाहेर यायची परवानगी नव्हती. ते फाटकाच्या आत उभे राहिले आणि नरसाळं लावून त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं परभणी पुकारलं. अम्माही पुढं खऱ्या गाडीनं येलदरीला जाऊन आल्या आणि आल्या आल्या तक्रार केली की तुमचीच गाडी बरी होती, हिच्यात धक्के फार बसतात. त्या दिवशी परभणीला पोचून मी माझं फाटक उघडलं, पायऱ्या चढले, कुलूप काढलं. आत पाऊल टाकलं आणि फोन वाजला.

"गाडी पोचली का?" दाजी विचारत होते.

"पोचले," मी म्हटलं.

"पुढच्या स्टँडवरून पोचली असं कळलं की मगच कंट्रोलरचं काम संपतं, मास्तरीणबाई. आता खिडक्या उघडा."

तेव्हापासून मी रोज बाहेरून आले की दार उघडून त्यांना फोन करायची. शाळा असो, रिटायर झाल्यावर बाजार असो की कुणाचं लग्नकार्य. "पोचले." "बरं झालं." बाकी काही बोलायचं असलं तर बोलायचं, नसलं तर नाही. अक्का मागून म्हणायची, "रोज रोज काय पोचायचंय हिला, हितनं तितं जाती अन् फोन करती." तिला ते पोरखेळ वाटायचं. या फोनवर मी त्या घरात राहिले, एकटी, आणि सुखानं राहिले. आज मला तिथं भीती वाटत नाही. सकाळी झाडलोट करते, गच्चीवर पापड घालते, गल्लीतल्या मुलींना गणित शिकवते. पण बाहेरून आल्यावर तो फोन केला नाही असा दिवस गेला नव्हता.

दाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. मी अक्काजवळ आणखी काही दिवस राहिले. ती धड जेवत नव्हती. ताट समोर घेऊन बसायची, चिवडायची आणि सरकवून द्यायची. मी म्हटलं, "माझ्याकडं चल." म्हणाली, "मी कुठं येऊ? अंगणाला पाणी कोण घालील?" शेवटी मला निघावंच लागलं. ती फाटकापर्यंत आली, हात केला आणि आत गेली. गाडीत खिडकीशी बसून मी सगळा रस्ता तिचाच विचार करत होते, आता ही बाई एकटी काय करेल, कशी उठेल, कुणासाठी शिजवेल. परभणीला उतरले, घरी आले, कुलूप काढलं आणि सवयीनं पर्समधून फोन काढला. हातात धरला आणि तशीच उभी राहिले. दाजींचं नाव अजून सगळ्यात वर होतं. दार उघडं, मी उंबऱ्यात, आणि कुणाला सांगायचं हेच कळेना... तेवढ्यात फोन वाजला. अक्का होती. तिनं आजवर मला असा फोन कधी केला नव्हता.

"पोचलीस का गं?"

"पोचले, अक्का."

"बरं झालं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "वाढून घेते मग मी."